मावशींचा पगार कधी विचारलाय?

सकाळी सव्वासहाला रांजणगाव फाट्यावर उभं राहून बघा. गळ्यात आयकार्ड, हातात डब्याची पिशवी, एक डोळा मोबाइलवर आणि दुसरा बसच्या वाटेवर. पहिल्या शिफ्टची गर्दी. वाळूजमध्ये राहणाऱ्या कुणालाही हे चित्र नवीन नाही. तुमच्या-माझ्या घरातलं कुणी ना कुणी या गर्दीत असतंच.

याच गर्दीत एक मावशी असतात. पण त्या कंपनीच्या बसमध्ये चढत नाहीत. रिक्षाने पुढे जातात आणि साडेसातला एका छोट्या डे-केअर सेंटरचं कुलूप उघडतात. तिथे बौद्धिक अक्षम, स्वमग्न आणि सेरेब्रल पाल्सी असलेली २६ मुलं-मुली दिवसभर असतात. सगळ्यात लहान सहा वर्षांचा आहे, सगळ्यात मोठा २१ वर्षांचा.

मी तिथे गेले होते ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनासाठी 'प्रेरणादायी' स्टोरी करायला. खरं सांगते, हेडिंगसुद्धा डोक्यात तयार होतं. 'मायेची सावली' टाइपचं काहीतरी. मावशींना म्हटलं, तुमच्यावर लिहायचंय. त्या एका मुलाचे ओले कपडे बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्यावर काय लिहिती, बाई? माझ्या पगारावर लिही."

पगार विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कंपनीतल्या कुणाची मुलाखत घेतली असती तर पहिल्या पाच प्रश्नांत पॅकेज आलं असतं. इथे मात्र मी माया, त्याग, समाधान असे शब्द वहीत लिहून बसले होते.

पगार आहे महिना सात हजार. चौदा वर्षांच्या अनुभवानंतर.

'नुसतं सांभाळणं' म्हणजे काय?

आधी हे काम काय आहे ते बघू. कारण 'मुलं सांभाळतात' या दोन शब्दांत आपण ते संपवून टाकतो.

जेवणाची वेळ घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना घास गिळणं अवघड जातं. त्याला ताठ बसवायचं, मान मागे पडू द्यायची नाही, हनुवटी किंचित खाली ठेवायची, घास लहान द्यायचा आणि तो पूर्ण गिळला जाईपर्यंत थांबायचं. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. ठसका, मग छातीत संसर्ग, मग दवाखाना. एका मुलाला भरवायला पाऊण तास लागतो. मावशींच्या वाट्याला अशी चार मुलं आहेत.

फिट आली तर? कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात चमचा-बिमचा काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढायची. चपला-कांदा हुंगवणाऱ्या पालकांना हे मावशींनीच शिकवलंय.

ज्याला स्वतःला हलता येत नाही त्याची कूस ठरावीक वेळाने बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पन्नास किलोच्या मुलाला खुर्चीवरून उचलायचं ते पाठीने नाही, गुडघ्यात वाकून. ज्या मुलीला बोलता येत नाही तिची पाळी सुरू झालीय हे तिच्या चिडचिडीवरून ओळखायचं आणि तिला लाज वाटणार नाही असं आवरायचं.

आता सांगा, हे काम अकुशल कसं? पण वेतनाच्या बाबतीत ते अकुशलच्याही खाली धरलं जातं.

'मला रोज नव्याने शिकवावं लागतं'

त्या सेंटरमध्ये पूर्वी सहा मावश्या होत्या. आता तीन आहेत. बाकीच्या तिघी कुठे गेल्या? समोरच. कंपनीत. ठेकेदारामार्फत पॅकिंगच्या लाइनवर महिना बारा हजार मिळतात, वर ओव्हरटाइम, पीएफ आणि ईएसआयसीचं कार्ड. सेंटरमध्ये यातलं काहीच नाही. पीएफचा कायदा २० पेक्षा कमी माणसं असलेल्या संस्थेला बंधनकारकच नाही, आणि अशी बहुतेक सेंटर्स दहा-बारा माणसांवर चालतात.

सोडून गेलेल्यांपैकी एकीला मी पंढरपूरच्या बाजारात भेटले. आपल्या छोट्या पंढरपूरच्या. "पोरांची आठवण येते. पण माझ्या पोरीची फी कुणी भरायची? तिकडं खोक्याला चिकटपट्टी लावायचे बारा हजार देऊ लागले. लेकरं सांभाळायचे सात," त्या म्हणाल्या. त्यांना दोष देता येत नाही. तुम्ही-आम्ही पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून पार्टटाइम जॉब बदलतोच की.

पण या बदलाची किंमत कोण मोजतं? सेंटरमधला तो २१ वर्षांचा मुलगा. आपल्याच वयाचा. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणं अस्पष्ट, हातांवर ताबा कमी, डोकं एकदम तल्लख. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करतोय. एका बोटाने मोबाइलवर टाइप करतो. माझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला त्याला वीस मिनिटं लागली. ते असं होतं:

"नवीन माणूस आला की मला पहिल्यापासून शिकवावं लागतं. मला कुठून धरायचं, कुठे दुखतं, बाथरूमला कसं न्यायचं. शिकवून होतं तोवर तो माणूस जातो. माझं शरीर दर तीन महिन्यांनी अनोळखी माणसाच्या हातात असतं. तुम्हाला चालेल का?"

मला चालणार नाही. तुम्हाला चालेल?

'स्टाफ शॉर्टेज' हा शब्द बातमीत कोरडा वाटतो. त्याचा अर्थ हा आहे.

एक मावशी गेली की दोन नोकऱ्या जातात

सप्टेंबरमध्ये सेंटरने पालकांना निरोप पाठवला: माणसं कमी आहेत, त्यामुळे ज्यांना जास्त मदत लागते त्या मुलांना आठवड्यातून तीनच दिवस आणा. त्यातल्या एका मुलाची आई इथल्याच एका कारखान्यात काम करायची. तीन दिवस कामावर आणि तीन दिवस घरी असं कुठलीच कंपनी चालवून घेत नाही. तिने काम सोडलं. घरात आता एकच पगार आहे आणि मुलाचं औषध आहे तेवढंच आहे.

म्हणजे बघा, पाच हजारांच्या फरकासाठी एक मावशी गेली आणि त्यामुळे एका आईची अख्खी कमाई गेली. काम सोडलं ते आईने, वडिलांनी नाही, हेही लक्षात घ्या. काळजीचं काम कमी पैशांत होतं किंवा फुकट होतं, आणि दोन्ही वेळा ते बाईच्याच गळ्यात पडतं. या सेंटरमधल्या तिन्ही मावश्या, सोडून गेलेल्या तिघी, घरी बसलेली आई. सगळ्या बायका.

मग सेंटर पगार वाढवत का नाही?

हा प्रश्न मी संचालिकाबाईंना जरा तावातावानेच विचारला. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला.

फी महिना १,५०० रुपये. सगळ्या २६ घरांनी दिली तर ३९,००० जमतात. निम्म्या घरांना ती दर महिन्याला जमत नाही. त्यातून जागेचं भाडं, गाडीचं डिझेल, एक विशेष शिक्षिका आणि आठवड्यातून दोनदा येणारे फिजिओथेरपिस्ट. उरतात ते तीन मावशींचे २१,०००, तेही कधी कधी दोन हप्त्यांत.

आता समजा, सहा मावश्या हव्यात आणि प्रत्येकीला कंपनीइतकेच १२,००० द्यायचे. झाले ७२,०००. ते २६ घरांत वाटले तर एका घरामागे जवळपास २,७७० रुपये, फक्त मावशींच्या पगारासाठी. आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग व्यक्तीला मिळणारं अनुदान, २०२५ मध्ये वाढल्यानंतर, आहे २,५०० रुपये. म्हणजे मुलाचं अख्खं अनुदान दिलं तरी पुरत नाही. त्यातही योजनेची उत्पन्नमर्यादा इतकी कमी आहे की कंपनीत महिना बारा हजार कमावणारं घरसुद्धा तिच्यात बसत नाही.

म्हणून हा 'वाईट संस्था विरुद्ध बिचारी मावशी' असा सिनेमा नाहीये. अनुदानित निवासी विशेष शाळांमध्ये 'काळजीवाहक' हे मंजूर पद असतं आणि त्याला सरकारी वेतनश्रेणी असते. विनाअनुदानित सेंटरमध्ये तेच काम करणाऱ्या बाईला जे मिळतं त्याला पगारही म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. या शब्दात मान आहे आणि धन आहे. मावशींच्या हातात दोन्ही फार थोडं पडतं.

कायदा काय म्हणतो?

तुमच्यापैकी जे लॉ किंवा सोशल वर्क करतात त्यांनी हे नीट वाचा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यात काळजीवाहकाची व्याख्यासुद्धा आहे: मोबदला घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी कुणीही व्यक्ती, त्यात आई-वडील आणि घरचेही आले. आणि कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांची जी यादी आहे, तिच्यात जास्त मदतीची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी 'काळजीवाहक भत्ता' स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे मागणी नवीन नाही. ती कायद्याच्या पुस्तकात छापलेलीच आहे.

केरळमध्ये 'आश्वासकिरणम' नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींची घरी काळजी घेणाऱ्यांना महिना ६०० रुपये मिळतात. रक्कम अगदीच कमी आहे, पण तत्त्व मोठं आहे. काळजी घेणं हे काम आहे आणि त्याचे पैसे होतात, हे एका राज्याने लेखी मान्य केलंय.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, तेव्हा 'देशात पहिले' म्हणून त्याचं कौतुक झालं. ते योग्यच होतं. आता त्या विभागाकडून पुढचं पाऊल मागायला काय हरकत आहे? राष्ट्रीय न्यासाच्या 'सहयोगी' योजनेत काळजीवाहकांना प्रशिक्षण द्यायची सोय आहे. पण शिकून आलेल्या बाईला सात हजारच मिळणार असतील तर ती शिकून कुठे जाईल? बाहेर. २०२४ मध्ये इस्रायलने भारताकडे दहा हजार बांधकाम कामगारांसोबत पाच हजार काळजीवाहकही मागितले होते. परदेशाला या कामाची किंमत कळते.

आणि सांभाळणारं माणूसच नसेल तर काय, याचं उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला मिळतं. तिथे शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं, वाढवलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वर्षानुवर्षं त्यांची एकच मागणी आहे: १८ वर्षांनंतर बालगृहातून बाहेर पडावं लागणाऱ्या अशा मुलांच्या आयुष्यभराच्या पुनर्वसनासाठी कायदा करा. अठरावा वाढदिवस झाला म्हणून आधाराची गरज संपत नाही. पण दर गावाला एक शंकरबाबा मिळणार नाहीत. व्यवस्था चालते ती महिन्याच्या एक तारखेला पगार मिळणाऱ्या माणसांवर.

'सेवेला पैशात मोजू नये'

हे वाक्य मला गेल्या महिन्यात चार जणांनी ऐकवलं. चौघांचाही स्वतःचा पगार पैशातच होतो.

हीच गोष्ट एकेकाळी मोलकरणींना सांगितली जायची. 'घरच्यासारखीच आहेस की.' १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तेव्हा लोक हसले असतील. पण २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला.

हीच गोष्ट अंगणवाडी सेविकांनाही सांगितली जायची. त्यांचंही 'मानधन'च. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे मानधनसुद्धा कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे आणि सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा तो ५० दिवसांहून जास्त चालला. तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीला कुलूप होतं ते आठवत असेल.

डे-केअरमधल्या मावशींची अडचण ही, की त्या संपसुद्धा करू शकत नाहीत. एका सेंटरमध्ये तीन, दुसऱ्यात चार, अशा विखुरलेल्या. आणि एक दिवस दार उघडलं नाही तर त्या २१ वर्षांच्या मुलाला दिवसभर पाणी कोण पाजणार? मावशी म्हणाल्या, "संप करायला मन होत नाही. ते लेकरांना कळायचं नाही." त्यांच्या याच हळवेपणावर आपण सगळे स्वस्तात निभावून नेतोय.

हेही सांगायला हवं की नुसता पगार वाढवून सगळं सुटणार नाही. कमी पगार आणि अपुरी माणसं असतील तिथे थकवा येतो, चिडचिड होते आणि तिचा मार ज्याला बोलता येत नाही त्याला बसू शकतो. म्हणून पगारासोबत प्रशिक्षण हवं, किती मुलांमागे किती माणसं याचा नियम हवा, तपासणी हवी. पण सात हजारांत माणूसच टिकत नसेल तर तपासणी कुणाची करणार?

आपण काय करू शकतो?

आपण काय करतो ते आधी बघू. वाढदिवसाला सेंटरमध्ये जातो, केक कापतो, रील टाकतो. दिवाळीला फराळ वाटतो. वाईट नाही हे. पण मावशींच्या भाषेत, "पाहुणे आले की त्या दिवशी काम वाढतं." म्हणून यावेळी थोडं वेगळं करा.

● ग्रामसभेला जा. वाळूज, रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या ग्रामपंचायतींच्या हद्दीत आपण राहतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. तुम्ही १८ वर्षांचे आहात, मतदार आहात. उभं राहून एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी हा निधी किती होता आणि कशावर खर्च झाला? उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करा.

● कंपन्यांना विचारा. वाळूजमध्ये मोठ्या कंपन्या आहेत. ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. व्हीलचेअर मिळतात, भिंती रंगवल्या जातात, बोर्ड लागतो. पण व्हीलचेअर ढकलायला माणूस लागतो. प्रकल्पात थेट काम करणाऱ्यांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च असतो. तुमच्या इंटर्नशिपच्या ठिकाणी, तुमच्या वडिलांच्या एचआरला हे सुचवा: वर्षभरासाठी दोन मावशींचा पगार द्या.

● एनएसएसचे तास इथे द्या. वर्षाला १२० तास भरायचेच असतात. पेपरला लेखनिक व्हा, मुलांना फिरायला न्या. पण आधी मावशींकडून शिका, आणि एक लक्षात ठेवा: तुम्ही त्यांच्या मदतीला आहात, त्यांच्या जागेवर नाही. 'कॉलेजची पोरं फुकट येतात की' असं म्हणून कुणी मावशींची जागा रिकामी ठेवायला नको.

● आणि मागणी एका ओळीत लक्षात ठेवा: विनाअनुदानित सेंटरमधल्या काळजीवाहकांना किमान वेतनाइतका पगार सरकारी अनुदानातून, आणि कलम २४ मधला काळजीवाहक भत्ता प्रत्यक्षात. आमदार कॉलेजच्या गॅदरिंगला येतात ना? तेव्हा सेल्फीसोबत एवढं निवेदन हातात द्या.

मी परवा पुन्हा सेंटरमध्ये गेले होते. एक नवीन मावशी लागल्यात, विशीतली मुलगी. त्या मित्राने मला मोबाइल दाखवला. नवीन माणसासाठी त्याने स्वतःच एक यादी टाइप करून ठेवलीय. 'उजव्या काखेखाली धरा. डावा हात ओढू नका. पाणी चमच्याने. मी हसलो तर बरोबर करताय.' एकूण अकरा ओळी. किती दिवस लागले, विचारलं, तर त्याने बोटं दाखवली. चार.

ती मुलगी यादी वाचून करत होती, अजून चुकत होती. तो हसला.

निघताना मी तिला हळूच विचारलं, किती देतात गं? ती म्हणाली, "सात. बघू, दिवाळीपर्यंत."